रद्दीतले एक्केचाळीस

संपादकांचा फोन आला. "तुमच्या कामातल्या गमती लिहा," ते म्हणाले, "बिघडलेल्या कॉम्प्युटरांच्या." मी हो म्हटलं आणि मग दोन दिवस डोकं खाजवत बसले. वीस-बावीस वर्षं मी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बसवले, दुरुस्त केले. पण खरोखर बिघडलेला कॉम्प्युटर फार थोड्या वेळा पाहिला. पंखा अडकलेला, वायर सैल झालेली, एका घरी आत पालीने अंडी घातलेली. बाकी बहुतेक वेळा यंत्र ठणठणीत असायचं आणि समोरचा माणूस गोंधळलेला असायचा. एकदा मात्र गोंधळ माझा होता आणि तो दुसऱ्यांना भोवला. गमती थोड्या सांगते, पण मला सांगायचंय ते हेच.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण आताच्या मुलांना ते माहीत नाही. नव्वदीच्या सुरुवातीला ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता त्यांच्याकडे डॉस असायचं. काळा पडदा आणि त्यावर एक लुकलुकणारी रेघ. ती रेघ काही सुचवायची नाही, काही विचारायची नाही. तुम्ही इंग्रजीत हुकूम टाईप करायचा. बरोबर आला तर काम व्हायचं, एक अक्षर चुकलं तर हुकूम वाईट आहे असं तोंडावर सांगून रेघ परत लुकलुकायला लागायची. लोकांनी ते हुकूम वहीत उतरवून घेतले होते. कित्येकांना ते आरतीसारखे पाठ होते, म्हणजे अर्थ न कळता.

आणि मग विंडोज पंच्याण्णव आलं. रंगीत पडदा, छोटी छोटी चित्रं आणि हातात उंदीर. ज्यांचं डॉसशी नुकतं कुठे जमलं होतं, त्यांना पुन्हा पहिलीत बसवल्यासारखं झालं. ही नवी सिस्टीम घरोघरी घालून देणं आणि ती शिकवणं, हे माझं तेव्हाचं काम. तेरा फ्लॉप्यांचा गठ्ठा, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक ब्रश घेऊन मी जायचे. दार उघडणारा माणूस माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे जिन्यात बघायचा आणि विचारायचा, "इंजिनियर येतायत का मागून?"

"मीच," असं म्हणून मी चपला काढायचे.

नौपाड्यात एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांना मी शिकवलं की आता नुसतं बटण दाबून कॉम्प्युटर बंद करायचा नाही, आधी 'स्टार्ट' दाबायचं, मग बंद करा असं सांगायचं. त्यांनी पडद्याजवळ वाकून पाहिलं. "म्हणजे बंद करण्यासाठी आरंभ करायचा?"

"हो, सर."

"बाई, हे अध्यात्म झालं. मला फक्त वीज वाचवायची आहे."

चेंदणीच्या कोळीवाड्यात एका आजींना नातवाने पत्ते खेळायला कॉम्प्युटरवर बसवलं होतं. पडद्यावरचा बाण त्यांच्या हाताला लागेना, सारखा निसटायचा. मी त्याचा वेग अगदी कमी करून दिला. आजी खूश झाल्या. "आता कशी बरोबर वल्हवायला येते," म्हणाल्या. पुढच्या खेपेला नातू तक्रार करत होता की त्याला स्वतःला आता काहीच खेळता येत नाही.

दोनदा क्लिक करणं हे तर मोठं प्रकरण होतं. लोक एकदा क्लिक करायचे, विचार करायचे, मग पुन्हा एकदा करायचे. तेव्हा मी एक युक्ती काढली. म्हणायचे, "दारावर टकटक करतो ना, तसं. एकदाच टक केलं तर आतल्याला वाटतं वाऱ्याने वाजलं." हे लगेच कळायचं. मग मला या युक्तीचा नादच लागला. पुस्तकातले इंग्रजी शब्द बाजूला ठेवून मी सगळं घरातल्या शब्दांत सांगायला लागले. डेस्कटॉप म्हणजे ओटा, हाताशी लागणाऱ्या वस्तू त्यावर. फोल्डर म्हणजे डबा. शॉर्टकट म्हणजे डब्यावर चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठी फाडली म्हणून डब्यातले पोहे कुठे जात नाहीत. बायकांना हे चटकन पटायचं, पुरुषांना जरा अपमान वाटायचा, पण समजायचं दोघांनाही. मला या शब्दांचा अभिमान होता. ज्या कॉम्प्युटरच्या दुकानातर्फे मी जायचे तिथले सहकारी मला 'डबेवाली' म्हणायचे, तेही मी मिरवायचे.

राहता राहिली कोपऱ्यातली ती टोपली. डॉसमध्ये फाइल पुसली की पुसली, त्यामुळे लोकांच्या मनात पुसण्याची भीती बसली होती. नव्या सिस्टीममध्ये पुसलेली फाइल आधी त्या टोपलीत जायची आणि तिथून परत काढता यायची. आता 'केराची टोपली' म्हटलं की माणूस घाबरणार. म्हणून मी म्हणायचे, "ही रद्दी. टाकलं तरी घरातच असतं. हवं तेव्हा परत ओढून काढा." समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा. मला वाटायचं, काय अचूक शब्द सापडलाय.

डोंबिवलीत टिळकनगरला आपटेकाकू राहायच्या. बाहेरच्या खोलीत त्या वधूवर सूचक मंडळ चालवायच्या. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. दर रविवारी दहा ते एक दार उघडं असायचं आणि जिन्यात चपलांची रांग लागायची. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी हे सगळं कागदावर केलं. मग काका निवृत्त झाले आणि हौसेने कॉम्प्युटर घेऊन आले. काकूंनी तो काकांना फारसा वापरू दिला नाही. दोन बोटांनी टाईप करत त्यांनी सगळ्या मुलामुलींची माहिती त्यात भरली, प्रत्येकाची वेगळी फाइल. आणि भरून झाली की कागद आणि फोटो ज्याच्या त्याच्या घरी परत. हा त्यांचा नियम होता. "मुलीचा फोटो लोकांच्या घरात लोळत राहता कामा नये," त्या म्हणायच्या.

त्यांच्याकडे डॉस काढून विंडोज मीच घातलं. काकू पंधरा दिवस कुरकुरल्या आणि मग पटकन रुळल्या. शिकवताना ओटा, डबा, रद्दी हे सगळं झालं. काकूंनी ते मान डोलवत ऐकलं आणि रद्दीपाशी एकच प्रश्न विचारला, "किती दिवस राहतं म्हणालीस त्यात?"

"तुम्ही स्वतः रिकामी करेपर्यंत, काकू."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

वर्षभराने त्यांचा फोन आला. "अगं शुभा, जागा नाही म्हणतोय गं. आता काय दिवाण घालू का त्याला?" मी एका सकाळी गेले. काकू आत कोथिंबीरवड्या थापत होत्या. अशा वेळी करायचं काम ठरलेलं असायचं. नको त्या तात्पुरत्या फाइली काढायच्या, टोपली रिकामी करायची आणि मग एक प्रोग्राम लावायचा, जो इकडेतिकडे विखुरलेल्या फाइली उचलून एका बाजूला नीट रचतो. घर झाडून घेतल्यावर फरशी पुसतात तसं. मी टोपलीवर टकटक केलं. कॉम्प्युटरने विचारलं की या एक्केचाळीस वस्तू कायमच्या काढायच्या, खात्री आहे ना? माझी खात्री होती. मी 'हो' दाबलं. मग रचण्याचा प्रोग्राम लावला, वड्या खाल्ल्या आणि पुढच्या घरी गेले.

रविवारी दुपारी दुकानात फोन वाजला.

"शुभा, रद्दी दिसत नाहीये."

"मी रिकामी केली काकू, परवा. जागा होत नव्हती ना."



"कुणाला विचारून?" काकू म्हणाल्या.

मी तशीच निघून त्यांच्याकडे गेले. काका दार उघडून आत निघून गेले, ते काही बाहेर आले नाहीत. काकू कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी रद्दी कुठे ठेवतात?"

"माळ्यावर."

"आणि केर?"

"केर... दाराबाहेर, डब्यात."

"मग? रद्दी आणि केर यातला फरक तुला मी सांगायचा? आमच्याकडे दिवाणाखाली वर्षाची रद्दी असते. मागच्या महिन्यातलं कात्रण हवं, काढ रद्दीतून. पाठकोरा कागद हवा, काढ रद्दीतून. टाकायचं ते केरात जातं, शुभा. रद्दीत जातं ते आत्ता नको असलेलं. आणि तूच म्हणालीस, घरातच राहतं."

शब्द माझाच होता. इंग्रजीतली ती टोपली मी मराठीत आणली, तेव्हा तिच्यात काय बदललं ते मलाच कळलं नव्हतं. काकूंनी शब्दाचा अर्थ अगदी बरोबर घेतला होता.

मी पुसलेल्या फाइली परत आणायचे सगळे उपाय करून पाहिले. एरवी पुसलेली फाइल खरी जात नाही, फक्त तिच्यावरचं नाव खोडलं जातं आणि ती जागा मोकळी समजली जाते. दुसरं काही तिथे येऊन बसेपर्यंत तिला परत काढता येतं. पण मी रचून ठेवणारा प्रोग्राम लावला होता. त्याने त्या मोकळ्या जागी दुसऱ्या फाइली नीट, ओळीने आणून बसवल्या होत्या. माझंच काम इतकं व्यवस्थित झालं होतं की एकही फाइल धड हाती आली नाही.

"कोण होते त्यात?" मी विचारलं.

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला. "ज्यांचं लवकर जमणार नाही ते. कुणी विधुर, दोन मुलांचा. कुणाचा पाय अधू. एक मुलगी चार महिन्यांत नवऱ्याला सोडून आलेली, का आली ते मला माहितीये आणि तिचं बरोबर होतं. रविवारी लोक इथे बसून पडद्यावर नावं बघतात ना, यांचं नाव आलं की तोंडं वाकडी करतात. माझ्यासमोर काहीबाही बोलतात. म्हणून मी त्यांना तिकडे ठेवलं, लोकांच्या जिभेपासून लांब. आणि एक वाजता दार लावलं की मी रद्दी उघडून सगळी नावं एकदा वाचायची. म्हणजे कुणी योग्य आलं तर आठवावं."

मग त्या म्हणाल्या, "तुझंही होतं त्यात."

माझ्या आईने दोन वर्षांपूर्वी मला न सांगता दिलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. काकूंनी सरळ सांगितलं, दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडून एकच प्रश्न आला: मुलगी परक्या लोकांच्या घरी जाऊन नेमकं काय दुरुस्त करते? म्हणून मग त्यांनी बाजूला ठेवलं.

मला राग आला. ज्या शब्दाचा मला अभिमान होता तो मलाच लागू झाल्यावर अंगाला झोंबला. काकूंचा हेतू चांगला आहे हे कळत होतं, तरी मी, शुभा, जिने त्यांना हे यंत्र शिकवलं, ती वर्षभर त्यांच्या रद्दीत होते आणि त्यांच्याच घरी वड्या खात होते, हे काही केल्या गिळवेना. मी चहा न घेता उठले. जिन्यात दोन मजले उतरले आणि तिथेच थांबले. एक्केचाळीसमधल्या एकीलाच कळलंय तर हे एवढं झोंबतंय, बाकीच्या चाळीस जणांना तर कळणारही नाही की आपलं नाव आता कुठेच नाही. ते आपले वाट बघत राहणार. मी परत वर गेले. (माझं लग्न पुढेही झालं नाही आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाचकांना चुटपुट लागू नये म्हणून सांगून टाकते.)

काकूंची स्मरणशक्ती ही मोठीच गोष्ट होती. पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी एकेक नाव आठवून लिहायला सुरुवात केली: नाव, वडील काय करतात, स्टेशन कुठलं. संध्याकाळपर्यंत एकोणचाळीस झाली, चाळिसावं काकांनी आतून ओरडून सांगितलं, आणि एक्केचाळिसावी मी समोरच बसले होते. ठरलं असं की ज्यांच्याकडे फोन आहे त्यांना काकू विचारणार. ज्यांच्याकडे नाही त्यांच्याकडे मी जाणार. काकूंचे गुडघे तेव्हा जिना उतरू देत नव्हते.

"सांगायचं काय पण?" काकूंनी विचारलं.

"व्हायरस आला म्हणून सांगू," मी म्हटलं.

आमच्या धंद्यातलं हे तेव्हाचं रामबाण औषध होतं. आपल्या हातून काही बिघडलं की व्हायरस. गिऱ्हाइकाला काही विचारता यायचं नाही, आपल्याला काही सांगावं लागायचं नाही आणि वर सहानुभूती मिळायची. मी ते सर्रास वापरायचे, हे आता कबूल करते.

लोकांनीही मानलं. कल्याणच्या विधुर गृहस्थांनी विचारलं की व्हायरस फोटोतून लागतो का, कारण फोटो तर परत आला होता. मानपाड्याला एक वडील कपाळावर हात मारून म्हणाले, "आमच्या नशिबालाच लागलाय हो तो." आणि एक गंमत झाली, ती सांगायलाच हवी. माहिती पुन्हा लिहून घेताना तिघांची वयं दोन-दोन वर्षांनी कमी झाली आणि एकाची उंची वाढली. काकू फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "असू दे. तेवढंच त्या व्हायरसकडून."

शेवटी एकच नाव उरलं, आंबिवलीची कुंदा.

"तिच्याकडे जाताना नीट जा," काकू म्हणाल्या. "तिचे वडील दर दोन-तीन महिन्यांनी यायचे. इथे खुर्चीवर बसायचे, पाणी प्यायचे, स्थळाचं काही विचारायचेसुद्धा नाहीत. शेवटचे आले तेव्हा आजारी होते. म्हणाले, काकू, माझ्यामागे कुणी इथे विचारायला येणार नाही, पोर तर मुळीच येणार नाही. तुम्ही फक्त नाव काढू नका. मी त्यांना शब्द दिला होता गं." पावसाळ्याआधी ते वारले होते. आता त्या मुलीचं नाव कुठेही राहावं म्हणून धडपडणारं माणूसच उरलं नव्हतं, आणि काकूंनी दिलेला शब्द माझ्या हातून मोडला होता.

कुंदा खडवलीच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची आणि माझी पुढे मैत्री झाली, ती अजून आहे. तिचं लग्न झालं की नाही ते मात्र तिने लिहू नकोस म्हणून बजावलंय. हा लेखही तिने वाचून एक ओळ खोडायला लावली.

मी आंबिवलीला उतरून विचारत विचारत घर शोधलं. तिची आई अंगणात चिंचा फोडत बसली होती. "ये गो बाय, बस," ती म्हणाली. "पोर येतंच आता ड्यूटीवरशी." मला पाणी दिलं, कुठून आले विचारलं. आपटेकाकूंचं नाव ऐकल्यावर तिने चिंचांचं सूप बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे इतक्या आशेने बघायला लागली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. तिला वाटलं, मी स्थळ घेऊन आलेय.

कुंदा आली. उंच, सावकाश बोलणारी बाई, पांढऱ्या साडीतच होती. दोन्ही हातांवर मनगटापर्यंत कोडाचे डाग होते आणि ती ते लपवत नव्हती. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं: कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला, काही जणांची माहिती गेली, पुन्हा लिहून घ्यायला आलेय.

"काही जणांची?" तिने विचारलं.

"हो."

"कोणाकोणाची?"

"अशीच... काही."

ती समोरच्या स्टुलावर बसली. "ताई, मी व्हायरसचंच काम करते. घरात ताप शिरला की सगळ्यांना येतो. फक्त मागच्या खोलीत झोपणाऱ्यांनाच आला, असं होत नाही. बाकीच्यांची माहिती राहिली ना?"

"राहिली."

"मग आम्हाला कुठे ठेवलेलं?"

खोटं पुढे रेटता आलं असतं. मला त्या यंत्राबद्दल इतकं माहीत होतं आणि तिला काहीच नव्हतं. चार इंग्रजी शब्द टाकले असते तर तिला गप्प बसावं लागलं असतं. पण ती रागाने विचारत नव्हती, पेशंटला विचारावं तसं विचारत होती, कुठे दुखतंय म्हणून. मी सगळं सांगितलं. टोपली, मी तिला दिलेलं नाव, काकूंनी कुणाला तिथे ठेवलं आणि का, मी न विचारता 'हो' कसं दाबलं. वडिलांना दिलेला शब्द सांगितला. माझ्या हातून मोडला, हेही सांगितलं.

आईला मधलं काही कळलं नाही, एक शब्द कळला. "आमची पोर रद्दीन टाकलेली?" ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी आयुष्यात इतकी खजील कधी झाले नाही. पुष्कळ गिऱ्हाइकं माझ्यावर ओरडली असतील, पण माझ्यामुळे कुणी असं रडलं नव्हतं.

"आई, गप," कुंदा म्हणाली. "टाकलेली नव्हती. ठेवलेली. काकूंनी ठेवलेली." मग माझ्याकडे वळून, "दर रविवारी वाचायच्या त्या?"

"दर रविवारी. एक वाजता, सगळे गेल्यावर."

"मोठ्याने?"

"ते नाही माहीत. बहुतेक मोठ्यानेच. काकूंना मनात वाचता येत नाही."

कुंदाला हसू आलं. मग तिने डोळे पुसले. "बाबा मधूनमधून तिथे यायचे, हे मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "कल्याणला डॉक्टरकडे जातो सांगायचे." आईने चहा ठेवला.

"लिहा," कुंदा म्हणाली. "बाबांनी काय लिहिलेलं ते मला माहितीये, कागद परत आला तेव्हा मी वाचलेला. वर्ण गोरा, असं लिहिलेलं. ते नको. पहिल्याच ओळीत लिहा, दोन्ही हातांवर कोड आहे, ते कुणाला लागत नाही. वय खरं लिहा, चौतीस. शिक्षण, नोकरी, ते आहे तेच."

मी लिहीत गेले. शेवटचा रकाना आला. "अपेक्षा?"

"बाबांनी लिहिलेलं, मुलाने सांभाळून घ्यावं. खोडा ते. मी रोज तीस-चाळीस माणसं सांभाळते." तिने हातांकडे पाहिलं. "लिहा, माझ्या हातचं पाणी विचार न करता पिणारा हवा. बस. दुसरं काही नको."

मी ते तिच्याच शब्दांत लिहिलं, कागद घडी केला आणि पिशवीत ठेवायला लागले.

"ताई, तुमचं लग्न झालंय?"

"नाही."

"काकूंकडे नाव आहे?"

"होतं," मी म्हटलं. "त्या एक्केचाळीसमध्येच."

"मग परत कोणी लिहून घेतलं?"

मला तोवर हे सुचलंच नव्हतं. एकोणचाळीस जणांची माहिती नव्याने टाईप करून झाली होती, कुंदाची हातात होती. माझी कोणी विचारली नव्हती, मीही दिली नव्हती. आधीची आईने तिच्या मनाने लिहिली होती, तिच्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही.

"नाही कोणी," मी म्हटलं.

कुंदाने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, पिशवीतलं दवाखान्याचं रजिस्टर मांडीवर घेऊन त्यावर एक कोरा कागद ठेवला आणि दवाखान्यात केसपेपर लिहावा तसं सुरू केलं. नाव. वय. शिक्षण. काम? "कॉम्प्युटर दुरुस्त करते, लोकांच्या घरी जाऊन," मी सांगितलं, आणि तिने ते तसंच, मान वर न करता लिहिलं. उंची. रक्तगटसुद्धा विचारला, सवयीने.

"अपेक्षा?"

इतक्या घरांत जाऊन मी विचारत आले होते, तुम्हाला कशासाठी हवाय हा कॉम्प्युटर, काय काय करायचंय त्यावर. मला काय हवंय हे मला कोणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. आई चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

कुंदाने पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं, उचललं नाही. "सावकाश सांगा," ती म्हणाली. "मी थांबते."